हायकोर्टाचा जज मतांनी निवडावा काय?

(सिल्लोड येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



मागच्या सभेत एका वयोवृद्ध सुतारबाबांनी आम्हांस एक प्रश्न टाकला होता. ते म्हणाले, "गुरुजी, सरपंच आपण निवडतो, झेडपीचा मेंबर आपण निवडतो, आमदार-खासदार आपण निवडतो. मंग हायकोर्टाचा जज काहून नाही निवडत? आमदार पाच सालानं बदलतो. जजाचा निकाल नातवालाबी बदलता येत नाही." सभेत मोठा हशा पिकला. आम्हीही हसलो, आणि वेळ झाली असे सांगून बाबांना खाली बसविले. पण घरी गेल्यावर मनास चैन पडेना. वर्गात पोराने खरा प्रश्न विचारावा आणि मास्तराने तो हसून टाळावा, तर त्या मास्तराने खडू खाली ठेवलेला बरा. म्हणून आज त्याच एका प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्ही उभे आहोत. बाबा आज पुढेच बसले आहेत. आमचे चुकेल तेथे त्यांनी टोकावे.

प्रथम हा वरचा जज कोण, ते ओळखून घेऊ. बांधाचा दावा आपण सिल्लोडच्या कोर्टात लावतो. तेथला जज आपण डोळ्यांनी पाहतो, तो साक्षीदाराचे तोंड पाहतो, लागले तर कोर्ट-कमिशनर पाठवून बांधही मोजवितो. तेथे हरलो तर संभाजीनगरला जिल्हा न्यायाधीशांपुढे अपील. तेथेही हरलो तर मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठापुढे दुसरे अपील. खंडपीठही संभाजीनगरलाच आहे. आता हे दुसरे अपील काय असते? तेथे बांध कोणाचा, हे पुन्हा पाहत नाहीत. खालच्यांनी कायदा लावण्यात ठळक चूक केली काय, एवढेच पाहतात. पुष्कळ शेतकरी दहा-दहा वर्षे वाट पाहतात की वरचा साहेब एकदा आपले ऐकेल. त्यांस कोणी सांगितलेलेच नसते की वर साक्ष नाही, पंचनामा नाही, फक्त कागद आणि कायदा. तेव्हा वरचा जज कायदा कसा वाचतो, कोणाच्या डोळ्यांनी वाचतो, यावर सारे येऊन ठेपते. भूसंपादनाचा मोबदला, कुळाचा हक्क, बलुतेदाराच्या इनामाची जमीन, बहिणीचा वाटा, यांतले शेवटचे शब्द तेथेच लिहिले जातात.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. वडील आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात बांधाचा वाद पडला. जागा म्हणाल तर एक बैलगाडी वळेल एवढी. खाली जिंकलो, मध्ये हरलो, वर गेलो. वर गेलो तेव्हा वडील चालते-फिरते होते. निकाल लागला तेव्हा त्यांचे वर्षश्राद्धही होऊन गेले होते. निकालाची नक्कल अकरा पानांची, सारी इंग्रजीत. आम्ही मराठी अध्यापक विद्यालयात शिकलेले शिक्षक. पोरांना इंग्रजीच्या कविता शिकवितो. कंदिलाएवढ्या उजेडात ती अकरा पाने घेऊन बसलो. पहिल्या पानावर वडिलांचे नाव सापडले, तेही चुकीच्या अक्षरांनी, आणि नावापुढे मयत असल्याची खूण. पुढे काय लिहिले होते ते धड कळले नाही. वकीलसाहेबांना विचारले तर ते म्हणाले, "डिसमिस." का, असे विचारले तर म्हणाले, "आता त्याचा काय उपयोग?" आईने आम्हांस विचारले, "काय म्हणतात रे?" मास्तर असून आईला सांगता आले नाही. चूक आमची असेल, निकाल बरोबरही असेल. पण बरोबर असलेला निकालही हरणाऱ्याला समजू नये, हा कोणता न्याय?

जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला. कचेरीत आणि कोर्टात अज्ञानी शेतकरी कसा नाडला जातो, हेच त्यात त्यांनी पोटतिडकीने मांडले. कंदील जाऊन वीज आली, पण आमच्या ओसरीवरचा तो उजेड काही वाढला नाही.

मग हे वरचे जज नेमतो कोण? घटनेच्या २१७ व्या कलमात लिहिले आहे की हायकोर्टाचा न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात. माणूस दहा वर्षे हायकोर्टात वकिली केलेला हवा, नाही तर दहा वर्षे न्यायाधीशाचे काम केलेला हवा. हे कागदावर. प्रत्यक्षात १९९३ आणि १९९८ च्या निकालांनंतर नावे सुचविण्याची सत्ता जजांच्याच हाती आली. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्याखालचे दोन ज्येष्ठ नावे काढतात; दिल्लीत सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ त्यांवर विचार करतात; सरकार आपले मत देते. या मंडळास कॉलेजियम म्हणतात. संसदेने २०१४ साली हे मोडून नेमणुकीचा निराळा आयोग करण्याचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो १६ ऑक्टोबर २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविला. सरकारच्या हाती नेमणूक गेली तर जज सरकारचे तोंड पाहील, हे भय खरे आहे. पण भाऊ भावाला ओळखतो, वकील वकिलाच्या पोराला ओळखतो, आणि आपल्या पोराला तेथे कोणीच ओळखत नाही, हेही तितकेच खरे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २४ मे १९४९ रोजी घटना परिषदेत यावर बोलताना दोन्ही टोके नाकारली. नेमणूक एकट्या सरकारच्या मर्जीवर सोडावयाची नाही, आणि सरन्यायाधीशाच्या हाती अखेरचा शब्दही द्यावयाचा नाही. कारण सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तो माणूसच, आणि माणसाचे गुणदोष व ग्रह त्यालाही असतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज पाऊणशे वर्षांनी तो वाचताना वाटते, बाबासाहेबांना ही पुढची वाट दिसत होती.

आता हिशेब पाहा. केंद्र सरकारने २०२५ च्या मार्च महिन्यात संसदेत आकडे दिले. २०१८ पासून तोवर देशातल्या हायकोर्टांत ७१५ न्यायाधीश नेमले गेले. त्यांत अनुसूचित जातींचे २२, अनुसूचित जमातींचे १६, इतर मागासवर्गाचे ८९, अल्पसंख्याक ३७. पाटीवर बेरीज करा : १६४. ७१५ मधून वजा करा : ५५१. मंडल आयोगाने या देशात मागासवर्गाची वस्ती ५२ टक्के धरली होती. बाकावर त्यांच्या वाट्याला आले शंभरी साडेबारा. आणि नांगर, वस्तरा, हातोडा धरणाऱ्या घरांतून किती आले, त्यास तर तक्त्यात रकानाच नाही. बाबांच्या प्रश्नाच्या पोटातली कळ ही आहे, आणि ती खोटी म्हणता येत नाही.

तर मग मतदान घ्यावे काय? येथे आपण एकटे विचार करीत नाही. दुनियेत असे देश आहेत जेथे अपिलाच्या कोर्टाचे जज उमेदवारी अर्ज भरतात, प्रचार करतात आणि मते मागतात. अमेरिकेत मिसिसिपी राज्याने १८३२ सालीच सगळे जज मतांनी निवडण्याचे ठरविले, आणि आज तेथल्या बहुसंख्य राज्यांत वरच्या कोर्टाच्या जजास कोणत्या ना कोणत्या रीतीने मतदारांपुढे यावे लागते. हेतू चांगलाच होता. जज राज्यपालाच्या ताटाखालचे मांजर नसावा, लोकांचा असावा. पुढे काय झाले, त्याची एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

वेस्ट व्हर्जिनिया हे तेथले कोळशाच्या खाणींचे राज्य. ह्यू कॅपर्टन नावाचा एक छोटा खाणवाला होता. मॅसी नावाच्या बलाढ्य कोळसा कंपनीने दगाबाजी करून आपला धंदा बुडविला, असा त्याने दावा लावला. २००२ साली ज्यूरीने, म्हणजे गावच्याच पंचांनी, त्याला ५ कोटी डॉलर देववले. कंपनी अपिलात जाणार हे उघड होते. आता अपिलाचे कोर्ट पाच जजांचे, आणि २००४ साली त्यांतल्या एका जागेची निवडणूक आली. कंपनीचा मुख्य डॉन ब्लँकनशिप याने काय करावे? त्या जागेवरच्या जजाला पाडण्यासाठी आणि ब्रेंट बेंजामिन नावाच्या वकिलाला निवडून आणण्यासाठी त्याने सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. जाहिरातींत कोळशाचे नाव नाही, अपिलाचे नाव नाही. जुना जज गुन्हेगारांना मोकळे सोडतो, पोरेबाळे धोक्यात आहेत, एवढाच आरडाओरडा. लोकांनी मते दिली. बेंजामिन निवडून आले. पुढे २००७ साली कंपनीचे अपील त्याच कोर्टात उभे राहिले. कॅपर्टनने हात जोडून विनविले की बेंजामिनसाहेबांनी या खटल्यात बसू नये. साहेब बसले. निकाल तीन विरुद्ध दोन, कंपनीच्या बाजूने. पाच कोटी गेले.

कॅपर्टन देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००९ साली तेथे पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मताने ठरले की बेंजामिन यांनी बाजूस व्हावयास पाहिजे होते. खटला पुन्हा खाली आला, बेंजामिन उठले, दुसरे बसले, आणि त्या कोर्टाने पुन्हा कंपनीच्याच बाजूने निकाल दिला. पंचांनी देवविलेले पैसे कॅपर्टनच्या हाती पडलेच नाहीत. जाता जाता सांगतो : त्याच मॅसी कंपनीच्या एका खाणीत ५ एप्रिल २०१० रोजी स्फोट होऊन २९ खाणमजूर मेले, आणि सुरक्षेचे नियम मोडण्याच्या कटाबद्दल ब्लँकनशिपला पुढे एक वर्षाची कैद झाली.

कोणी म्हणेल, ही एकच गोष्ट, आणि जुनी. तर ताजी पाहा. १ एप्रिल २०२५ रोजी विस्कॉन्सिन राज्यात वरच्या कोर्टाच्या एका, फक्त एका, जागेसाठी मतदान झाले. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला. जगातला सर्वांत धनाढ्य गृहस्थ इलॉन मस्क याने आणि त्याच्या संस्थांनी एका उमेदवारासाठी दोन कोटींहून अधिक ओतले. भर सभेत दोघा मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे धनादेश वाटले. त्याचा उमेदवार पडला हे खरे, आणि तेथल्या मतदारांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण जिंकलेल्या बाईंच्या पाठीशीही पैसेवाले होतेच.

आता हेच चित्र सिल्लोडच्या चौकात आणून पाहा. फलकावर हात जोडलेला भावी न्यायमूर्ती, खाली जातीच्या पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो, ढाब्यावर जेवणावळी, रात्री पाकिटे. निवडून आल्यावर ज्या जिनिंगवाल्याने, ज्या बांधकाम ठेकेदाराने त्याच्या गाड्यांत तेल भरले, त्याच्याविरुद्ध आमच्या सुतारबाबांचे अपील त्याच्यापुढे आले तर? सरपंच चुकला तर गटार तुंबते. ते पुढच्या सालीही काढता येते. घरावरून जप्तीचा हुकूम झाला तर पुढच्या सालापर्यंत घर राहत नाही. आणि ज्याची मते गावात दहाच आहेत, त्या वडाराने, कैकाड्याने, परगावच्या ऊसतोड्याने मतांवर जगणाऱ्या जजाकडून काय अपेक्षा धरावी? बहुमताविरुद्ध एकट्याचे ऐकावयाचे, यासाठीच तर त्याला उंच बसविलेला असतो.

हा विचार आम्हांस नवा नाही. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने न्यायपंचायती ठेवल्या होत्या. काही गावांचा गट करून पंचायतींनी माणसे निवडून द्यावयाची आणि त्यांनी लहानसहान तंटे तोडावयाचे. पुढे त्या मोडीत निघाल्या. म्हाताऱ्या माणसांकडून आम्ही जे ऐकले ते असे की ज्याची पंचायत त्याचा न्याय. वाड्यावरच्यांचा बांध सरकला तर चूक, गरिबाचा सरकला तर गुन्हा.

पण येथेच थांबलो तर आम्ही बाबांशी अप्रामाणिक होऊ. कारण दुसऱ्या बाजूची एक गोष्ट आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. मेक्सिको देशाने १ जून २०२५ रोजी आपले सर्वोच्च न्यायालयही मतांनी निवडले. सर्वांत अधिक मते पडली ह्यूगो अगिलार ओर्तिस यांना. हे ओआहाका प्रांतातल्या मिश्तेक या मूळनिवासी जमातीचे वकील. जमातींच्या जमिनीच्या आणि हक्कांच्या कामात आयुष्य घालविलेले. ते त्या न्यायालयाचे प्रमुख झाले. दीडशे वर्षांपूर्वी बेनितो हुआरेस नावाचा मूळनिवासी माणूस त्या पदावर बसला होता, त्यानंतर हेच. जुन्या रीतीने त्यांची नेमणूक झाली असती काय? आम्हांस शंका आहे. तेव्हा मतपेटीतून आपला माणूस वर जाऊ शकतो, हे कबूल करावयास हवे. मात्र त्याच निवडणुकीत शंभरांतले सुमारे तेराच मतदार मतदानास आले. मतपत्रिकांवर इतकी अनोळखी नावे की कोणाला काय कळावे? ठिकठिकाणी तयार उत्तरांच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. परीक्षेत कॉपी करावी तसे पाहून मत द्यावयाचे. तेरा टक्क्यांचा जज लोकांचा, की चिठ्ठी लिहिणाऱ्याचा?

म्हणून बाबा, आमचे उत्तर असे : तुमची तक्रार सोळा आणे खरी, पण औषध उलटे पडेल. मत मागणारा जज नको. मात्र बंद खोलीत ठरलेला जजही नको. जागा किती रिकाम्या, नावे कोणाची, का घेतली, का वगळली, कोण कोणाचा नातलग, हे आपणांस वाचावयास मिळाले पाहिजे. ही मागणी अगदी वाऱ्यावरची नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मागल्या अडीच वर्षांतल्या शिफारशींची यादी प्रसिद्ध केली. त्यात उमेदवाराचा वर्ग कोणता आणि तो आजी-माजी जजाचा नातलग आहे की नाही, हेही रकाने होते. एकदा दार किलकिले झाले आहे. ते पुन्हा लागू नये यासाठी बाहेर माणसे उभी पाहिजेत.

माणसे उभी राहिली म्हणजे काय होते, हे मराठवाड्याला शिकवावयास नको. निजामाच्या अमलात आपले हायकोर्ट हैदराबादेस, भाषा उर्दू. कित्येकांच्या पेटीत ते कागद अजून आहेत. वाचणारा उरला नाही. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि अपील मुंबईस गेले. नागपूर कराराला १९५३ पासून साक्ष ठेवून आपल्याकडील वकील, विद्यार्थी आणि नागरिक मागत राहिले, तेव्हा १९८१ च्या ऑगस्टमध्ये मुख्य न्यायमूर्ती देशपांडे यांच्या आदेशाने येथे बैठक सुरू झाली. तीही मुंबईत एका निकालाने रद्द ठरली होती; १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परवा परवा, ऑगस्ट २०२५ मध्ये, शाहू महाराजांच्या कोल्हापुरासही असेच बाक मिळाले. तेथल्या लोकांनी त्यासाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ आंदोलन केले. उद्घाटनास आलेले तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीचे, आणि अनुसूचित जातींतून त्या पदावर बसलेले देशाच्या इतिहासातले केवळ दुसरे.

भाषेचेही तसेच. खालच्या कोर्टाची भाषा १९९८ पासून मराठी ठरलेली आहे. हायकोर्टाचे काम घटनेच्या ३४८ व्या कलमाने इंग्रजीत. पण त्याच कलमाचा आधार घेऊन राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथल्या हायकोर्टांत हिंदीस वाट मिळाली. हरणाऱ्यास निकालाचा मराठी तर्जुमा फुकट आणि निकालाबरोबरच मिळावा, एवढे तरी आपण ठरावाने मागू या. आमच्या आईस तो मिळाला नाही.

आता शेवटचे, आणि ते आपल्याच हातचे. बाकावर बसणारे लोक वकिलांतून आणि खालच्या न्यायाधीशांतून येतात. त्या शिडीची खालची पायरी म्हणजे कनिष्ठ स्तर न्यायाधीशाची परीक्षा. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या परीक्षेस बसण्यापूर्वी तीन वर्षे वकिली केलेली असावी. कारण देण्यात आले ते समंजस आहे. कोर्ट न पाहिलेला पोरगा थेट खुर्चीवर बसू नये. पण नवख्या वकिलाची पहिली तीन वर्षे कशी जातात, ते ज्यांच्या घरात झाले त्यांस विचारा. सीनियरच्या बस्त्यामागे फिरावयाचे आणि चहापाण्याचे पैसे घरून आणावयाचे. वकिलाच्या पोराला ती तीन वर्षे म्हणजे बापाच्या कचेरीतली उमेदवारी. मका विकून शिकलेल्या लेकीला ती तीन वर्षे म्हणजे भाड्याच्या खोलीची चिंता, आणि गावाकडून "किती दिवस बसवून ठेवता, लग्न उरका" हा तगादा. गाळणी येथे लागते. दिल्लीत यादी होते तेव्हा आपली पोरे गाळून पंधरा वर्षे झालेली असतात.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, हे आपण जयंतीला सांगतो. पण त्याच्या आदल्या वर्षीच त्यांनी कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले होते, हे सांगावयाचे राहते. आधी राहण्या-जेवण्याची सोय, मग हक्काची जागा. महाराजांना क्रम ठाऊक होता.

आपल्या तालुक्यातल्या दोन मुली आणि एक मुलगा कायद्याची पदवी घेऊन यंदा जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली सुरू करीत आहेत. एक कुंभाराची, एक कोरडवाहू शेतकऱ्याची, मुलगा चर्मकाराचा. नावे आम्ही येथे घेत नाही; त्यांच्यावर उपकाराचे ओझे नको. तिघांच्या खोलीचे भाडे आणि खानावळ, तीन वर्षांपुरती, गावांनी उचलावी अशी आमची विनंती आहे. घरटी मक्याच्या हंगामात एक पायली किंवा महिना वीस रुपये, ज्याला जे झेपेल ते. आमच्या शाळेतल्या चौघा शिक्षकांनी पहिल्या महिन्याचे पैसे आजच आणले आहेत. वही अध्यक्ष महाराजांच्या समोर ठेवली आहे. लिहिणारा आमच्या सातवीतला विद्यार्थी आहे, अक्षर चांगले आहे. सुतारबाबांनी सभेआधीच आपले नाव घालून पैसे दिले. वरून म्हणाले, "गुरुजी, मत नाही तर नाही, पण पोरगी जज झाली म्हंजे माझा निकाल मराठीत वाचून दाखवंल ना?"

ठराव दोन आहेत, तर्जुम्याचा आणि याद्या उघड करण्याचा. ते आता वाचून दाखवितो; ज्यांस मान्य असतील त्यांनी सह्या कराव्यात, आणि ज्यांस सही येत नाही त्यांनी अंगठ्याची लाज धरू नये. शाई येथे आहे.